विमानाचा मुक्काम : गवतावर की फरसबंदीवर?

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन अहमदाबादमार्गे मुंबईस आणलेले पुस मॉथ जातीचे चिमुकले विमान जुहूच्या ज्या जागेवर उतरले, तिला आजच्या अर्थाने विमानतळ म्हणणे कठीण आहे. समुद्राच्या शेजारची ती एक मोकळी, मातीची सपाटी होती, आणि पावसाळ्याने जोर धरला की ती सपाटी पाण्याखाली जात असे. त्यामुळे दोन विमाने, तीन वैमानिक आणि तीन यंत्रज्ञ एवढाच सरंजाम असलेली ती टपालसेवा पावसाळ्यात मुंबई सोडून पुण्यास मुक्कामाला जाई आणि येरवड्याच्या तुरुंगानजीकच्या एका मैदानावरून आपले काम चालवी. यंत्रात बिघाड नव्हता, वैमानिकांच्या कौशल्यात न्यून नव्हते, टपालखात्याकडून दिरंगाई नव्हती. विमानाच्या चाकांखालची जमीन ओली झाली होती, एवढे एकच कारण त्या स्थलांतरास पुरेसे होते.

विमानविद्येचा विचार करताना आपले लक्ष स्वभावतःच आकाशाकडे जाते. परंतु दोन-चार माणसांना घेऊन जाणारी, टनभर वजनाची, पंख्याच्या बळावर उडणारी जी हलकी विमाने आहेत, त्यांच्या आयुष्याचा फार मोठा भाग आकाशात नव्हे तर भूमीवर स्तब्ध उभे राहण्यात जातो. वर्षाच्या ८,७६० तासांपैकी शंभर-दोनशे तास उडणारे खाजगी विमान पुष्कळ वापरात आहे असे समजले जाते. उरलेला सर्व काळ ते कोठे आणि कशावर उभे आहे, यावर त्याचे आरोग्य अवलंबून असते. छपराखालच्या हँगरची सर दुसऱ्या कशालाच नाही. पण हँगर महाग असतात, थोडे असतात, आणि बहुसंख्य विमानांच्या वाट्याला उघडे आकाशच येते. मग प्रश्न उरतो तो इतकाच की, विमान गवतावर उभे करावे की डांबराच्या अथवा काँक्रीटच्या फरसबंदीवर. सामान्य माणसास वाटते की फरसबंदी ही प्रगती आणि गवत ही गरिबीची तडजोड. ज्यांनी आपली विमाने वर्षानुवर्षे सांभाळली त्या मालकांचे मत मात्र इतके सरळ नाही. त्यांतील कित्येक जण फरसबंदीवर जागा रिकामी असतानाही गवत पसंत करतात, आणि माझ्या मते, काही अटी पाळल्या जात असतील तर, त्यांचेच म्हणणे खरे आहे. त्या अटी कोणत्या, हे समजून घेण्यासारखे आहे.

मुळात विमान जन्मले ते गवतावर. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळातील हवाईतळ म्हणजे चहूबाजूंनी मोकळे, हिरवळीचे विस्तीर्ण मैदान असे; त्यात ठराविक दिशेची धावपट्टी नसे, आणि वारा ज्या दिशेने येईल त्या दिशेस तोंड करून वैमानिकाने उतरावे व चढावे हाच शिरस्ता होता. त्या काळच्या मॉथसारख्या विमानांना ब्रेक नसत. शेपटीखाली चाकाऐवजी एक आकडी असे, ती हिरवळीत घासत जाऊन विमानाचा वेग आपोआप कमी होई. अशा विमानास कठीण फरसबंदी सोयीची तर नव्हतीच, उलट आकडी झिजवणारी आणि वेग आवरू न देणारी अशी ती अडचणीचीच होती. लंडनचा क्रॉयडन विमानतळ १९२० पासून १९५९ पर्यंत नांदला, युरोपातील राजधान्यांची विमाने तेथे येत-जात राहिली, आणि तरीही त्याचे उतरण्याचे मैदान अखेरपर्यंत गवताचेच राहिले. फरसबंदी होती ती केवळ इमारतीपुढच्या, प्रवाशांची चढउतार होणाऱ्या अंगणात.

हे चित्र पालटले ते वजनामुळे. दुसऱ्या महायुद्धातील लँकॅस्टरसारखे बाँबफेकी विमान पूर्ण भरले म्हणजे तीस टनांच्या घरात जाई. इंग्लंडच्या ओल्या हवेत अशा विमानांचा ताफा हिवाळ्यात गवतावर ठेवणे म्हणजे तो चिखलात रुतवून ठेवणे होते. म्हणून काँक्रीटच्या धावपट्ट्या आल्या आणि त्यांच्याबरोबर विमाने उभी करण्याचे काँक्रीटचे चौथरे आले. जेथे काँक्रीट घालण्यास अवसर नव्हता तेथे अमेरिकन सैन्याने भोके पाडलेल्या पोलादी पत्र्यांच्या पट्ट्या एकमेकींत अडकवून जमिनीवर अंथरल्या. त्यांतील प्रत्येक पट्टी दहा फूट लांब, पंधरा इंच रुंद आणि ६६ पौंड वजनाची असे. परंतु याही उपायाला मर्यादा होती. १९४८-४९ साली वेढ्यात सापडलेल्या बर्लिनला हवाईमार्गाने अन्न आणि कोळसा पोचवण्याचा जो प्रचंड उद्योग झाला, त्यात टेंपेलहॉफच्या पूर्वापार गवताळ मैदानावर अंथरलेली ही पोलादी धावपट्टी सी-५४ जातीच्या चार इंजिनांच्या विमानांखाली खचू लागली, आणि एक विमान उतरून दुसरे येईपर्यंतच्या अल्प अवधीत मजुरांनी वाळू टाकून ती सावरावी, असा प्रसंग आला. युद्धानंतर जगभर जे काँक्रीट मागे राहिले त्यामुळे विमानतळ म्हणजे फरसबंदी हे समीकरण लोकांच्या मनात पक्के झाले. ते मोठ्या विमानांपुरते योग्यच होते. पण हलक्या विमानांनी मोठ्यांसाठी केलेली ही व्यवस्था निमूटपणे स्वीकारावी असे काही कारण नव्हते.

का नव्हते, हे थोड्या हिशेबाने स्पष्ट होईल. उभ्या विमानाचे चाक जमिनीस जेवढ्या दाबाने दाबते तो दाब स्थूलमानाने त्या चाकातील हवेच्या दाबाएवढाच असतो. कारण वजन वाढले की टायर अधिक चपटा होतो आणि अधिक जागा व्यापून तो भार वाटून घेतो. १९५६ पासून ज्याचे चाळीस हजारांहून अधिक नग तयार झाले ते सेस्ना १७२ हे जगातील बहुधा सर्वांत परिचित असे हलके विमान. त्याच्या एका प्रचलित प्रकारात मुख्य चाकांतील दाब दर चौरस इंचास सुमारे २९ पौंड, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला दोन किलोग्रॅम ठेवतात. अकराशे किलोग्रॅमच्या आसपासचे पूर्ण भरलेले विमान तीन चाकांवर उभे असेल, तर प्रत्येक चाकाखाली सरासरी एकशे ऐंशी चौरस सेंटीमीटर, म्हणजे साडेतेरा सेंटीमीटर बाजूच्या चौकोनाइतकी जमीन येते. बोइंग ७३७ सारख्या प्रवासी विमानाच्या टायरमध्ये याच्या सुमारे सातपट दाब असतो. बोइंगचे चाक गवतावर गेले तर ते हिरवळ कापून थेट खालच्या मातीत शिरेल. सेस्नाचे चाक कोरड्या, घट्ट जमिनीवर गवताची पाती तेवढी दाबते आणि विमान हलवल्यावर दोन-चार दिवसांत ती पाती पुन्हा उभी राहतात. आंतरराष्ट्रीय नागरी विमान संघटनेच्या नियमांतही हा भेद मान्य केलेला आहे. ५,७०० किलोग्रॅम आणि त्याखालील विमानांसाठी असलेल्या पृष्ठभागाची क्षमता जाहीर करताना मोठ्या विमानांसाठीची किचकट वर्गवारी वापरण्याची सक्ती नाही. किती वजनाचे आणि किती टायर-दाबाचे विमान येथे चालेल, एवढे दोन आकडे सांगितले की पुरते.

वरच्या हिशेबात ‘कोरड्या, घट्ट’ ही दोन विशेषणे आली आहेत, आणि सगळा प्रश्न त्यांच्याभोवतीच फिरतो. गवत हा वास्तविक भार पेलणारा पदार्थ नव्हे. भार पेलते ती माती. गवताच्या मुळ्या त्या मातीस वरच्या थरात बांधून ठेवतात, तिची धूप होऊ देत नाहीत आणि चाकाचा भार थोडा पसरवतात. आपल्या शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या छळणारी आणि गणपतीच्या पूजेत मानाने मिरवणारी हरळी याच कामासाठी अमेरिकेच्या दक्षिणेकडील संस्थानांतील गवती हवाईतळांवर मुद्दाम लावतात, कारण जमिनीच्या वरून आणि खालून धावणाऱ्या तिच्या काड्यांचे जाळे फार चिवट असते. पण मातीच्या कणांच्या मधल्या पोकळ्यांत पाणी भरले, की कणाकणांमधील घर्षणावर उभी असलेली तिची शक्ती नाहीशी होते, आणि मग वरच्या हिरवळीचे जाळे कितीही दाट असले तरी उपयोग होत नाही. अभियंते मातीची ही शक्ती मोजण्यासाठी तिच्यात एक ठराविक मापाचा पोलादी दट्ट्या दाबून, त्यास लागणाऱ्या जोराचे फोडलेल्या खडीच्या तुलनेतले प्रमाण काढतात. कॅलिफोर्नियाच्या रस्तेखात्यात निघालेली ही पद्धत युद्धकाळात विमानतळांसाठी सर्वत्र रूढ झाली. एकच माती कोरडी असता या परीक्षेत उत्तम उतरते आणि भिजली असता साफ नापास होते.

महाराष्ट्राच्या दृष्टीने हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे, कारण दख्खनच्या पठाराचा फार मोठा भाग काळ्या कापसाच्या जमिनीने व्यापलेला आहे. बेसाल्ट खडकाच्या विघटनातून झालेल्या या मातीत पाणी शोषून फुगणारी चिकणमाती असते. पावसाळ्यात ती फुगते, चिकटते, पायतळी आणि चाकाभोवती गोळा होते. उन्हाळ्यात आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगांनी फाटते. अशा भूमीवरचे गवत डोळ्यास कितीही सुखद असले तरी श्रावणात त्यावर विमान उभे करणे हे त्याचे नुकसान ओढवून घेणे होय. आणि वैशाखात जमीन कठीण असली तरी भेगेत अडकणाऱ्या पुढच्या लहान चाकाचे भय असतेच. मधला काळ मात्र उत्तम. पाऊस ओसरल्यावर शेतात पाऊल रुतत नाही आणि ढेकूळही दगडासारखे होत नाही, अशा ज्या स्थितीस शेतकरी वाफसा आला म्हणतो, ती स्थिती आल्यापासून उन्हाच्या तडाख्यात जमीन फाटू लागेपर्यंत काळ्या मातीवरचे गवतही हलक्या विमानास चांगले आसन देते. त्याउलट मुरमाड जमिनीवर, जेथे पाणी ठरत नाही, अशा जागी गवत जोपासले आणि कडेने चर काढून पाण्याला वाट करून दिली, तर हा अवधी पुष्कळ वाढतो. ‘गवत’ या एका शब्दाखाली काळ्या रानातली हिरवळ आणि माळावरची हिरवळ या दोन अगदी भिन्न गोष्टी येतात, हे जो वैमानिक किंवा जो अधिकारी ओळखत नाही, त्याने गवताविषयी अनुकूल वा प्रतिकूल कोणतेच मत देऊ नये.

पाण्याचा हा अंमल किती कठोर असतो याचे प्रत्यंतर अमेरिकेतील ऑशकॉश येथे २०१० साली आले. विस्कॉन्सिन संस्थानातील या गावी हौशी विमानबांधकांच्या संघटनेचा वार्षिक मेळा दर जुलैअखेरीस भरतो. सुमारे दहा हजार विमाने त्या आठवड्यात ऑशकॉश व आसपासच्या विमानतळांवर येतात, आणि ऑशकॉशला येणारी बहुतेक हलकी विमाने सरळ गवतावर रांगांनी उभी राहतात. विमानाच्या पंखाशेजारी तंबू ठोकून मालक आणि त्याचे कुटुंब आठवडाभर तेथेच राहते. एवढी विमाने मावतील इतकी फरसबंदी एका आठवड्यासाठी घालणे कोणत्याही सरकारास परवडणार नाही. हा मेळा होतो तो केवळ गवताच्या औदार्यावर. परंतु त्या वर्षी मेळ्याच्या आधीच्या पावसाने ती सारी भूमी इतकी भिजली की आलेल्या विमानांना गवतावर घेणे अशक्य झाले, पुष्कळांना शेजारच्या विमानतळांवर वळवावे लागले, आणि जेथे म्हणून कठीण पृष्ठभाग मिळाला तेथे विमाने लावण्याची तजवीज करावी लागली. व्यवस्थापकांचा अनुभव दशकांचा, स्वयंसेवक हजारोंनी, तरी पाण्यापुढे इलाज चालला नाही.

आता विमान बांधून ठेवण्याचा विषय. उभे विमान हे सर्व बाजूंनी वाऱ्याच्या हाती असते, आणि त्याचे पंख वाऱ्यावर उचलले जाण्यासाठीच घडवलेले असल्यामुळे, चालक आत नसतानाही ते आपला धर्म सोडत नाहीत. सेस्ना १७२ हे विमान ताशी सुमारे नव्वद किलोमीटर वेगात हवेत तरू शकते; त्याच वेगाचा झोत समोरून आला तर उभ्या विमानाचे वजन पुष्कळ हलके होते. म्हणून दोन पंख आणि शेपटी अशा किमान तीन ठिकाणी दोर बांधून ते जमिनीस जखडावे लागते. अमेरिकेच्या विमानखात्याने याविषयी जी मार्गदर्शिका काढली आहे तिच्यात एका इंजिनाच्या विमानासाठी प्रत्येक खुंटाची पकड सुमारे ३,००० पौंडांची, म्हणजे १,३६० किलोग्रॅमची असावी, अशी शिफारस आहे. दोर जमिनीशी पंचेचाळीस अंशांच्या आसपास कोन करून जावा, आणि त्यात इंचभर ढील असावी, कारण घायपाती जातीचा दोर भिजला की आखडतो आणि विमानाचा सांगाडाच ताणतो.

या बाबतीत नीट घातलेली फरसबंदी गवतापेक्षा निःसंशय श्रेष्ठ आहे. काँक्रीटमध्ये खोल रोवलेली पोलादी कडी ओल्या-सुक्याने हलत नाही. गवतात ठोकलेल्या मेखा मात्र ज्या वादळासाठी ठोकल्या त्याच वादळाच्या पावसाने भूमी मऊ झाली म्हणजे उपटून येतात, आणि याचा इशारा त्या मार्गदर्शिकेतही स्पष्ट दिलेला आहे. ३१ मार्च २०११ रोजी फ्लॉरिडातील लेकलंड येथे असाच एक विमानमेळा चालू असता टोर्नेडोच्या वावटळीने बांधलेली विमाने खुंटांसह उचलली, एकमेकांवर आदळली आणि डझनावारी विमानांची मोडतोड झाली. आपल्याकडे चैत्र-वैशाखात दुपारी जे वळवाचे वादळ उठते, धुळीचा लोट पुढे आणि पाऊस मागे घेऊन येते, ते हलक्या विमानाचे मोठे वैरी आहे. त्या दिवसांत भेगाळलेल्या काळ्या मातीत मेख नीट बसत नाही, आणि पहिल्या सरीनंतर बसलेली मेखही विश्वासू राहत नाही. म्हणून गवतावर विमाने ठेवायची तर साध्या मेखांवर भिस्त न ठेवता, हिरवळीच्या खाली काँक्रीटचे पाये ओतून त्यांत कड्या बसवाव्यात, एवढा खर्च व्यवस्थापनाने केलाच पाहिजे. उलटपक्षी, फरसबंदी आहे पण कडी नाही, अशीही स्थिती पुष्कळ ठिकाणी असते, आणि तेव्हा लोक दोनशे लिटरची पिंपे पाण्याने भरून त्यांना विमान बांधतात. त्या पिंपाचे वजन दोनशे किलोग्रॅम आणि हवी असलेली पकड तेराशे साठ किलोग्रॅमची. ही तफावत पाहिली म्हणजे कडीविना फरसबंदी ही गवतापेक्षाही अधिक धोक्याची ठरू शकते, हे ध्यानात येईल.

विमानाच्या पोटाखाली काय चालते तिकडेही पाहिले पाहिजे. गवत रात्रंदिवस बाष्प सोडते, पहाटे दवाने भिजते, आणि त्यावर उभ्या असलेल्या विमानाचा खालचा भाग उन्हाच्या आड असल्याने सर्वांत शेवटी वाळतो. ब्रेकच्या पोलादी चकत्यांवर गंज चढतो, जोडांमध्ये ओल मुरते, आणि पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर कापड चढवलेली जी पायपर कब सारखी जुनी विमाने आहेत, त्यांच्या शेपटीकडील खालच्या नळ्या बाहेरून धड दिसत असता आतून सडत जातात. कारण अशा विमानाची शेपटी चाकावर खाली टेकलेली असते आणि न कापलेले गवत थेट तिच्या कापडास लागते. उंदीर, मुंग्या, मातीची घरटी करणाऱ्या गांधीलमाश्या यांनाही गवताकडून विमानात शिरणे सोपे जाते, आणि वेगमापकाच्या बारीक नळीत एका माशीने मातीचे घर केले तरी पुढच्या उड्डाणात वेगाचा काटा खोटे बोलू लागतो. गवत फार वाढू दिले तर हे सर्व दोष बळावतात. फार खरडून कापले तर मुळ्या दुबळ्या होऊन भूमी उघडी पडते. गवती विमानतळ राखणे हे मशागतीचे काम आहे, आणि ज्या व्यवस्थापनास गवत हे फुकटचे वाटते त्याच्याकडे ते कधीच चांगले असत नाही. आपल्याकडे फाल्गुनानंतर हेच गवत वाळून पेटण्याजोगे होते, हेही विसरता येत नाही.

पण फरसबंदीचेही स्वतःचे दोष आहेत, आणि ते गवताच्या दोषांपेक्षा कमी बोलले जातात म्हणून येथे थोडे विस्ताराने सांगतो. पहिला दोष खड्यांचा. जुने डांबर उकलू लागले की त्यातील खडी सुटी होते. सेस्नाचा सुमारे १९३ सेंटीमीटर व्यासाचा पंखा मिनिटास २,७०० फेऱ्यांनी फिरतो तेव्हा त्याचे टोक ताशी साडेनऊशे किलोमीटरहून अधिक वेगाने जात असते, आणि ते टोक जमिनीपासून एक-दीड वितीवरच असते. पंख्याखाली हवेचा जो भोवरा तयार होतो तो सुटा खडा वर खेचतो, आणि खडा पात्याच्या धारेवर आदळून खाच पाडतो. ही खाच नखाएवढी असली तरी तिच्यापाशी धातूवरचा ताण एकवटतो, तेथून तडा सुरू होतो, आणि वेळीच कानस लावून ती गुळगुळीत केली नाही तर हवेत असताना पात्याचे टोक तुटण्यापर्यंत मजल जाते. दाट हिरवळीत सुटे खडे नसतात. गवताळ मैदानावर नांदणाऱ्या विमानांचे पंखे बहुधा अधिक निर्मळ राहतात ते यामुळेच. सर्वांत वाईट जागा ना गवताची ना डांबराची. ती त्या दोहोंच्या सांध्याची. पावसाने कडेची माती वाहून गेली की डांबराची कड पायरीसारखी उघडी पडते, आणि पुढचे चाक त्या पायरीवरून खाली उतरले की पंखा जमिनीस लागतो. पुढे चाक असलेल्या विमानाच्या पंख्याचे टोक उभ्या स्थितीत जमिनीपासून किमान सात इंच, म्हणजे अठरा सेंटीमीटर वर असावे, असा अमेरिकी नियम होता. चिखलात रुतलेले चाक किंवा उघडी पडलेली कड एवढे अंतर सहज खाऊन टाकते, आणि पंखा एकदा जमिनीस लागला की इंजिन उघडून तपासणे ओघाने आलेच.

दुसरा दोष इंधनाचा आणि उष्णतेचा. हलक्या विमानांत घालायचे निळसर रंगाचे पेट्रोल डांबरावर सांडले तर डांबर विरघळवते. म्हणून इंधन भरण्याच्या जागी डांबराऐवजी काँक्रीट घालणे शहाणपणाचे मानले जाते. गवतावर हेच पेट्रोल सांडले तर गवत जळते आणि, या पेट्रोलमध्ये अद्याप शिशाचे संयुग मिसळलेले असल्यामुळे, मातीत विष उतरते. उड्डाणापूर्वी तपासणीसाठी टाकीतून काढलेले चार थेंब जमिनीवर ओतून देण्याची जी निष्काळजी सवय वैमानिकांत आढळते, ती दोन्ही ठिकाणी सारखीच निंद्य आहे. उन्हाळ्यात हवेचे तापमान चाळीस अंशांवर गेले की काळे डांबर साठ अंशांपर्यंत तापते. अशा डांबरावर दुचाकी स्टँडवर लावली तर स्टँड हळूहळू आत जातो; एकाच जागी महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या विमानाच्या चाकांखालीही तसेच खळगे पडतात, पहिल्या पावसात त्यांत पाणी साठते, आणि रबराला दिवसभर शेक बसतो तो वेगळाच. विमानाच्या पोटाला खालून लागणारी ही धग गवतावर नसते. शिवाय फरसबंदीच्या जागा बहुधा इमारतीनजीक आणि रहदारीत असतात. शेजारून जाणाऱ्या मोठ्या विमानाच्या किंवा हेलिकॉप्टरच्या झोताने उभ्या हलक्या विमानाची दारे आणि सुकाणू मुरगळली जातात. दूर हिरवळीवर उभे असलेले विमान या उपद्रवातून सुटते.

निघतानाचा प्रश्न राहिला. फरसबंदीवरून विमान दोन हातांनी ढकलता येते. गवतावरून त्यास चांगलाच जोर लागतो, आणि चाक थोडे रुतले असेल तर इंजिनाचा जोर अचानक वाढवून ते उपसून काढण्याचा मोह अनेकांना नडतो, कारण अशा वेळी नाक खाली दबते. दांडी पूर्ण मागे ओढून पुढच्या चाकावरचा भार हलका करावा, एकदा विमान चालू लागले की मऊ जागेत थांबू नये, आणि शंका असेल तर चाकांपुढे फळ्या टाकून माणसांनी ढकलून काढावे, हा अनुभवी लोकांचा परिपाठ आहे. धावपट्टीही गवताची असेल तर ब्रिटनच्या नागरी विमान प्राधिकरणाने सांगितलेली प्रमाणे ध्यानात ठेवावीत : कोरड्या गवतावरून चढण्यास फरसबंदीपेक्षा वीस टक्के आणि ओल्या गवतावरून तीस टक्के अधिक अंतर, उतरण्यास कोरड्या गवतावर पंधरा टक्के, पण ओल्यावर पस्तीस टक्के अधिक, कारण ओल्या पात्यांवर ब्रेक लावलेले चाक न थांबता घसरते.

आज महाराष्ट्रात बारामती, धुळे, गोंदिया अशा ठिकाणी तरुण मुलेमुली हलक्या विमानांवर शिक्षण घेत आहेत, आणि जिल्ह्याजिल्ह्यांत हवाईपट्ट्या वाढवण्याच्या योजना चालू आहेत. या योजनांत विमानतळाचा विकास म्हणजे अधिक डांबर, अशी समजूत दृढ होत चाललेली पाहून मला खेद होतो. चार महिने पावसाच्या या मुलखात हलक्या विमानांना फरसबंदीचा आसरा हवाच. परंतु उरलेल्या आठ महिन्यांसाठीही तीच एक सोय ठेवली, तर शिकाऊ वैमानिकांना, पाहुण्या विमानांना, ग्लायडरांना आणि हौशी मालकांना जागा कमी पडते, भाडे चढते, आणि गवताच्या मैदानावर सहज वाढू शकणारी एक निरोगी, लोकाभिमुख विमानसंस्कृती अंकुरतच नाही. ब्रिटनमध्ये व्हाइट वॉल्थमसारखे मोठे गवती विमानतळ आजही भरभराटीत आहेत ते तेथील लोक जुन्याला कवटाळून बसले म्हणून नव्हे. हलक्या विमानास गवत मानवते, आणि त्याची देखभाल सामान्य माणसांच्या मंडळास झेपते, म्हणून ते टिकले.

दोहोंचा मेळ घालणे अवघड नाही. विमाने ये-जा करतील ती वाट फरसबंदीची आणि दोन वाटांच्या मधली उभे राहण्याची जागा हिरवळीची, अशी रचना पुष्कळ ठिकाणी करतात; म्हणजे अधिक वावराची जागा कठीण राहते, आणि विमाने दिवसचे दिवस उभी राहतात तेथे खडी आणि धग नसते. जेथे जमीन काळी आहे तेथे वरची माती हातभर काढून मुरूम दाबून भरावा, त्यावर पोकळ खणांचे काँक्रीटचे किंवा प्लॅस्टिकचे जाळे बसवून खणांत माती व हरळी लावावी. भार जाळे पेलते, पाणी खणांतून मुरमात उतरते, आणि वरून जागा हिरवी राहते. कड्यांचे पाये याच वेळी ओतून घ्यावेत, आणि डांबराच्या कडा दर पावसाळ्यानंतर मुरमाने बुजवून समतल कराव्यात. मृगाच्या आधी विमाने फरसबंदीवर आणावीत आणि पाऊस सरल्यावर ती गवतावर परत केव्हा न्यायची, ते पंचांगातील तारखेवरून न ठरवता प्रत्यक्ष जागेवर चालून, टाच जोराने रोवून आणि काळ्या रानात शेजारच्या शेतकऱ्यास वाफसा आला की नाही हे विचारून ठरवावे.